पक्ष्याचा दुसरा पाय

टण् असा आवाज झाला आणि आईचं अंगुस्तान टेबलावरून पडून फरशीवर गोल फिरत फिरत कपाटाखाली गेलं.

दुपारचे अडीच वाजले होते. घरात एवढी शांतता होती की सुई बोटात घुसू नये म्हणून घालायची ती एवढीशी लोखंडी टोपीसुद्धा बादली पडल्यासारखी वाजली. आतल्या खोलीत पलंग करकरला. संपलं. मला दिवसात मिळणारा दीड तास त्या दिवशी वीस मिनिटांचा झाला.

बटण उठलं होतं. बटण म्हणजे माझी लेक, वय वर्षं पाच. जन्मली तेव्हा इतकी चिमुकली होती की आईनं तिला हातात घेऊन विचारलं होतं, हे मूल आहे की शर्टाचं बटण? तेच नाव चिकटलं. डोळे चोळत ते आलं, न विचारता माझ्या मांडीवर चढलं आणि गरम गाल माझ्या दंडाला लावून टेबलावरचे कागद बघायला लागलं.

ते कागद म्हणजे आमच्या गावातल्या समुद्रकाठच्या हॉटेलचा इतिहास. हॉटेलला सव्वाशे वर्षं होणार होती आणि त्यानिमित्त एक देखणं पुस्तक काढायचं मालकांच्या मनात आलं होतं. लिहायला मी. का, तर मी पूर्वी एका मासिकात काम करत होते, आता घरी होते, आणि घरी असलेल्या बाईला वेळच वेळ असतो अशी मालकांची समजूत.

इतिहासाची फाइल त्यांनीच दिली होती. पहिल्याच पानावर संस्थापक एका रम्य पहाटे किनाऱ्यावर उभे होते आणि समुद्रातून वर येणारा सूर्य पाहून त्यांनी ‘इथे एक वास्तू उभी राहील’ असा संकल्प सोडला होता. आमचा समुद्र पश्चिमेला आहे. सव्वाशे वर्षांत त्यातून एकदाही सूर्य वर आलेला नाही. मी हे मॅनेजरना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, भावना समजून घ्या. मी भावना समजून घेतली आणि ‘समुद्राच्या साक्षीने’ असं लिहिलं. सूर्य कुठल्याही बाजूचा असो, साक्षीला समुद्र चालतो.

तसंच पुढे. महायुद्धात हॉटेलनं ‘जखमी सैनिकांसाठी आपले हृदय उघडले’. उघडलं ते सरकारनं, कुलूप तोडून; मालक सहा महिने आधीच चांदीच्या भांड्यांसकट डोंगरावरच्या घरी पळालेले. अकरा नंबरच्या खोलीत एक सेनापती झोपले होते आणि त्यांचा पलंग अजून तसाच आहे. त्या पलंगाच्या खाली कारखान्याचा शिक्का आहे आणि कारखाना सेनापती वारल्यावर बारा वर्षांनी निघाला. नाव मोठं लक्षण खोटं म्हणावं, तर लक्षण इतकं नीट घासूनपुसून ठेवलेलं की खोटं म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि या सगळ्यावर कळस, चौऱ्याहत्तर नंबरचं पान. गायिकेचा पक्षी.

हॉटेलच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत एक पांढरा टेबलक्लॉथ ठेवलेला आहे. त्याच्या एका कोपऱ्याशी तपकिरी दोऱ्यानं भरलेला एक छोटा पक्षी आहे, एका पायावर उभा. तेहतीस वर्षांपूर्वी एक फार मोठी गायिका इथे उतरली असताना वादळ झालं, ती तीन दिवस अडकून पडली, खिडकीशी बसून तिनं हा पक्षी भरला. तिचा प्रियकर बोटीनं यायचा होता, तो आला नाही. म्हणून दुसरा पाय तिनं काढलाच नाही.

फाइलीत प्रियकर एका ओळीचा होता. मी त्याला आठ ओळी दिल्या. ‘एका पायावर उभा राहून तो पक्षी अजून वाट पाहतो आहे’ हे वाक्य माझं. ते सुचलं तेव्हा मी उठून स्वतःसाठी चहा केला होता, इतकं मला ते आवडलं होतं.

बटणानं त्या पानावरच्या फोटोवर बोट ठेवलं.

“आजीचा पक्षी,” ते म्हणालं. मग जरा वाकून, “याचा पाय कुठे गेला?”

मी हसले. आणि मग माझी नजर त्याच्या फ्रॉकवर गेली. पोटाशी, जिथे मागच्या महिन्यात तारेला अडकून भोक पडलं होतं, तिथे तपकिरी पक्षी. तशीच बारीक मान, तशीच शेपटी थोडी वर उचललेली, कुणी हाक मारल्यासारखी. आई बटणाच्या कपड्यांवरचं प्रत्येक भोक याच पक्ष्याखाली झाकते. माझ्या लहानपणीच्या कपड्यांवरही हाच होता. फरक एवढाच, की आईचा पक्षी दोन पायांचा. आणि आई पाय आधी काढते. आधी दोन काड्या, मग त्यांच्यावर पक्षी. मला ते नेहमी विचित्र वाटायचं. घर बांधताना कुणी उंबऱ्यापासून सुरुवात करावी तसं.

आई स्वयंपाकघरात होती. मी फोटो तिच्यापुढे धरला. तिनं तो हातभर लांब नेला, मग नाकाजवळ आणला. तिचा डावा डोळा गेलेलाच आहे. उजव्याचंही फार दिवस धरू नका, असं डॉक्टरनं सांगितलं होतं.

“अजून आहे होय हे,” ती म्हणाली. “तसंच अर्धवट.”

आई लग्नाआधीपासून हॉटेलात रफूच्या कामाला होती हे मला माहीत होतं, पण ती त्याबद्दल कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली, चाकूनं भाजी चिरत, मधेमधे थांबून.

तळघरात कपड्यांची खोली होती. तिथे चौघीजणी बसायच्या. एकच खिडकी, तीही छताला लागून, तिच्यातून गच्चीवर फिरणाऱ्या पाहुण्यांचे बूट दिसायचे, बाकी काही नाही. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, जे फाटेल ते तिथे यायचं. त्याच कापडाच्या दुमडीतून धागे ओढून काढायचे आणि भोक विणून टाकायचं. नियम एकच: रफू दिसता कामा नये. त्यांच्यावरच्या मोठ्या बाई कापड उजेडाकडे धरायच्या, आणि रफू दिसलं तर कात्रीनं उसवून अंगावर फेकायच्या. उत्तम काम म्हणजे जे कुणाला सापडणार नाही ते.

गायिकेच्या मेजवानीच्या दिवशी, दुपारी, एका पाहुण्यानं त्या टेबलक्लॉथवर पेटती सिगार ठेवली. रुपयाएवढं भोक, कडा काळ्या. तेवढ्या मापाचं दुसरं कापड नव्हतं. दोन तासांत रफू होणं शक्य नव्हतं. आईला नववा महिना होता. तिनं भोकाकडे बघितलं आणि तिला ते पक्ष्यासारखं दिसलं. मागून कापड लावलं, वरून तपकिरी दोऱ्यानं पक्षी भरला, म्हणजे काळी कड लपेल. अंग झालं, पंख झाला, एक पाय झाला. दुसऱ्या पायाला सुई लावली आणि पहिली कळ आली.

“एका पायावर त्याला सोडून तुला आणायला गेले,” आई म्हणाली, आणि चिरलेलं सगळं पातेल्यात लोटलं.

बटण म्हणालं, आई बोटीनं आली? आजी म्हणाली, नाही गं, तुझी आई रडत आली.

पुढचं मी विचारून काढलं. गायिकेच्या ताटाशी तो पक्षी आला. ती म्हणाली, किती गोड, हे कापड धुवायला टाकू नका. एवढंच. वाढप्यानं ते आत सांगितलं, आतल्यांनी बाहेर सांगितलं. गायिकेला आवडलेला पक्षी आठ दिवसांत गायिकेचा पक्षी झाला आणि वर्षभरात गायिकेनं भरलेला. वादळ, तीन दिवस, प्रियकर हे नंतरचे मजले. खरं तर ती दोन रात्री राहिली, घसा बसला म्हणून गरम पाणी पीत राहिली आणि उशा बदलून मागत राहिली.

“ती भरणार?” आई म्हणाली. “नखं एवढी लांब होती. सुई कुठल्या बाजूनं धरतात हे तरी ठाऊक असेल का?”

तीन महिन्यांनी मला पाळणाघरात ठेवून आई कामावर परतली तेव्हा पक्षी काचेत होता. ती मोठ्या बाईंना म्हणाली, हा माझा. मोठ्या बाई म्हणाल्या, तुझा असेल तर तू दिसणारं रफू केलंस, नियम मोडलास, उद्यापासून येऊ नकोस. बोल, कुणाचा? आई म्हणाली, गायिकेचा.

मला इतका राग आला की मी त्याच पावली चप्पल घातली. आई म्हणत होती, अगं ऐक. मी ऐकलं नाही.

दिवाणखान्यात धाकटे मालक होते. पन्नाशी उलटलेले, पण थोरले अजून वर खोलीत आहेत म्हणून हे धाकटेच. समारंभासाठी फुलदाण्या कुठे ठेवायच्या ते मॅनेजरना दाखवत होते, म्हणजे फुलदाणी मॅनेजर उचलत होते आणि मालक हनुवटीनं दिशा दाखवत होते. मी सगळं सांगितलं. कापड उलटं करून बघा, म्हटलं, मागे जळलेली कड असेल, मागून लावलेला तुकडा असेल. माझ्या आईच्या हातचं आहे ते.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चेहऱ्यावर एक कोमल भाव पसरत गेला. मला, मूर्खाला, वाटलं पटतंय.

“म्हणजे बघा,” ते मॅनेजरना म्हणाले, “केवढं मोठं मन. एवढी थोर कलावंत, आणि आमचं जळकं कापड स्वतःच्या हातानं सांधून दिलं. हे घ्या पुस्तकात. हे तर आपल्याला माहीतच नव्हतं.”

मी पुन्हा म्हटलं, माझ्या आईनं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुमच्या आईसाहेब इथे होत्या? अरे वा. कार्यक्रमाला आणाच त्यांना. जुन्या माणसांसाठी मागे खुर्च्या ठेवल्यात.”

आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. नागोबा प्रत्यक्ष बघितला तो त्या दिवशी, अंगावर फिका कोट, हातात फुलदाणीसुद्धा नाही. त्याला खोटं बोलावंच लागत नव्हतं. त्याच्यापर्यंत जे जे पोहोचेल ते आपोआप त्याचं होत होतं, खरंसुद्धा.

घरी येऊन मी म्हटलं, हे काम मी सोडते. तो सगळा गठ्ठा त्यांच्या तोंडावर टाकते, गावभर सांगते.

आई बटणाचे केस विंचरत होती. तिनं मला आधी बसायला सांगितलं, मग पाणी प्यायला. मग म्हणाली की नाव पुस्तकात घालून ती काय करणार, गळ्यात बांधणार? ज्या लोकांना समुद्र कुठल्या बाजूला आहे हे कळत नाही त्यांनी आपलं नाव घेतलं काय, न घेतलं काय. तिला राग त्याचा नव्हताच. तिला लाज वाटत होती. तेहतीस वर्षं तिचं अर्धवट काम दिवा लावून लोकांना दाखवत होते.

“मला ते कापड पाव तास दे,” ती म्हणाली. “डोळा आहे तोवर.”

बटणाच्या वेणीचा शेवटचा पेड तिनं हातानं चाचपून घातला, बघून नाही.

आता निवड सरळ होती. पानासाठी भांडले असते तर पेटी माझ्यासमोर कधीच उघडली नसती. मी मॅनेजरना फोन केला आणि म्हटलं, पान आहे तसंच राहू द्या, सुंदर आहे. फक्त इतकी वर्षं घडीत राहून कापड पिवळं पडतं, घडीवर कुजतं. समारंभाआधी जुन्या जाणत्या हातानं एकदा झटकून घडी बदललेली बरी. त्यांना फार आनंद झाला. ‘वारशाचे जतन’ असं एक कलम त्यांच्या यादीत होतं आणि त्यापुढे लिहायला काही नव्हतं. प्रुफावर मी त्याच दिवशी सही केली.

आईच्या डब्यात त्या जुन्या दोऱ्याचा उरलेला भाग निघाला, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेला. पण डब्यात राहून तो गडद राहिला होता आणि पक्षी उजेडात फिका झाला होता. आईनं दोरा खिडकीच्या कठड्यावर उन्हात पसरला. आठ दिवस रोज सकाळी बटण त्याला उलटा करायचं, शेकायला घातलेल्या मांजरीसारखा, आणि आजीला रंग सांगायचं. आज चहा. आज दूधवाला चहा. नवव्या दिवशी ते म्हणालं, आज बिस्किट, आणि आजी म्हणाली, बास.

मॅनेजरनी पेटी उघडली, कापड ताटासारखं दोन हातांवर घेऊन आम्हाला तळघरात नेलं. कपड्यांच्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात. खिडकी तीच, बूट नवे. त्यांनी आम्हाला कापड हाताळण्याविषयी बरंच सांगितलं. ही वस्तू अमूल्य आहे, इथे श्वासही जपून घ्या, वगैरे. मग त्यांचा फोन वाजला आणि श्वास जपून घेणारे ते गृहस्थ दारात पाठ करून फुलवाल्यावर ओरडत उभे राहिले.

आईनं कापड आधी उलटं केलं. रफू करणारी बाई आधी मागची बाजू बघते. काळी कड होती. मागचा तुकडा होता. दुसऱ्या पायाचा एक टाका होता, अर्धा, आणि त्याची लोंबणारी शेपटी. आईनं तिच्यावरून बोट फिरवलं.

“गाठसुद्धा मारली नव्हती,” ती म्हणाली. “आणि सुटलं नाही बघ.”

बटणानं जीभ बाहेर काढून सुईत दोरा ओवला. मी आजपर्यंत एक बटण धड शिवलेलं नाही. मी फक्त कापड ताणून धरलं. आईनं अंगुस्तान चढवलं, उजवा डोळा कापडाला लागेल इतकी वाकली. सात टाके. एका टाक्याला सुई माझ्या बोटात गेली, मी हलले नाही. शेवटी तिनं मागे गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि तळव्यानं पक्षी एकदा दाबला, बटणाला झोपवताना पाठीवर हात दाबते तसा.

मॅनेजर आत आले. “झालं जतन?”

झालं, आई म्हणाली. त्यांनी कापड घेतलं, पक्ष्याकडे अत्यंत आदरानं बघितलं, आणि पेटीत ठेवून कुलूप लावलं.

त्यानंतर समारंभापर्यंत तीन दिवस मी फोनची वाट बघत होते. कुणी तरी ओरडेल, कुणाला तरी धक्का बसेल. पेटी रोज पुसली जात होती. काही नाही.

समारंभ दुपारी चारला होता. आम्ही जुन्या माणसांच्या खुर्च्यांवर, अगदी मागे. गावातली मोठी माणसं पुढे, त्यांच्या हातात माझं पुस्तक. धाकट्या मालकांनी संकल्प, सूर्य, सैनिक, सेनापती हे सगळं भरभर उरकलं आणि पाहुण्यांना पेटीभोवती गोळा केलं. आम्हीही गेलो. त्यांनी चौऱ्याहत्तरावं पान उघडलं आणि घोगऱ्या आवाजात माझ्या आठ ओळी वाचल्या, काचेपासून वीतभर अंतरावर उभं राहून.

‘एका पायावर उभा राहून तो पक्षी अजून वाट पाहतो आहे.’

सगळ्यांनी खाली बघितलं. दिव्याखाली पक्षी दोन पायांवर ठणठणीत उभा होता. एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि परत न लावताच बघितलं. एका गृहस्थांनी शेजारच्याला सांगितलं की अपूर्णतेतच खरं सौंदर्य असतं, आणि तो एक पाय किती बोलका आहे. शेजाऱ्यानं मान डोलावली. एवढी चाळीस डोकी, ऐंशी डोळे, आणि त्या खोलीत दिसत होतं ते एकाच डोळ्याच्या माणसाला.

आई काचेवर वाकली होती. बराच वेळ.

“जरा जाड झाला,” ती हळूच मला म्हणाली. “डावा. पण उभा राहील.”

ती सरळ झाली. तिच्या चेहऱ्यावर मला अनोळखी असं काही तरी होतं. भांडी घासून झाल्यावर ओटा पुसून हात कोरडे करताना असतं तसं काहीसं, पण तेहतीस वर्षांच्या भांड्यांनंतरचं. मग तिला बसायला हवं होतं म्हणून ती खुर्चीकडे गेली.

बटण माझ्या कडेवर होतं. त्याला आता कडेवर घ्यायचं वय नाही, पण गर्दीत दिसत नव्हतं. ते काचेकडे बघत होतं, मग मालकांकडे, मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडे. त्याला अजून अक्षरं नीट लागत नाहीत, पण मुखपृष्ठावरचं माझं नाव ते ओळखतं, मीच शिकवलंय. त्यानं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. खूप महत्त्वाचं असलं की ते तसं करतं.

“आई, त्याला दोन पाय आहेत ना?”

हो, मी म्हटलं.

“तुला दिसतायत ना?”

हो.

“मग तू एक का लिहिलास?”